यान हू स्वो: अफूच्या कुळातला कंद, व्हिनेगर आणि मावशीची बाटली

कॉलमवाला

मावशीला गेल्या वर्षी नागीण झाली. फोड महिन्याभरात सुकले, दुखणं मात्र तिथंच राहिलं. डाव्या बरगडीखाली पदराचं टोक लागलं तरी निखारा ठेवल्यासारखं होतं म्हणते. डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत, थोडा उतार आहे, पण दिवसभर पेंग येते. अशात अमेरिकेतल्या मावसभावाने एक बाटली पाठवली. तिच्यावर पिवळ्या कंदाचं चित्र आणि खाली नाव, ‘कोरिडॅलिस’. मावशीने मला फोन केला, "तू केमिस्ट ना? मग सांग, घेऊ का?"

मी डॉक्टर नाही, वैद्यही नाही. झाडपाल्याचे अर्क काचेच्या नळीतून, म्हणजे आमच्या भाषेत कॉलममधून, थेंब थेंब खाली उतरवण्यात बावीस वर्षं गेली, आयडी त्यावरूनच घेतलाय. या कंदाबद्दल पूर्वी वाचलेलं होतं, ते पुन्हा काढून बसलो. सापडलेली गोष्ट मावशीला फोनवर सांगण्याजोगी छोटी नाही, म्हणून हा धागा.

चिनी नाव यान हू स्वो. चीनच्या झेजियांग प्रांतात याची शेती होते. झाड वीतभर, खाली कंद. वाटाण्याहून मोठा, सुपारीहून लहान, कापला की आत पिवळाधमक आणि चवीला कडू. उन्हाळा लागता लागता पाला वाळतो तेव्हा खणून काढतात आणि आतला पांढरा गाभा जाईपर्यंत उकळून वाळवतात. मुळात नाव होतं श्वान हू स्वो. सोंग घराण्यातल्या एका सम्राटाने मानलेल्या पूर्वजाच्या नावात ‘श्वान’ येत असे आणि ते उच्चारायची सोय नव्हती, म्हणून ‘यान’ झालं. आपल्या आज्या नवऱ्याचं नाव घेत नसत, त्यातलाच प्रकार.

चिनी वैद्य ली शिचेनने १५७८ साली पूर्ण केलेल्या आणि १५९६ मध्ये छापून आलेल्या ‘पेन त्साओ कांग मू’ या औषधकोशात याची एक मजेदार नोंद आहे. एका राजपुत्राची बायको कुट्टूच्या पिठाच्या शेवया खाते, त्यातच तिला कसलातरी राग येतो आणि पोटात वर छातीशी असह्य कळ उठते. वैद्य देतील ते औषध उलटून पडतं. शेवटी या कंदाची पूड कोमट मद्यातून देतात. ती पोटात टिकते, थोड्या वेळाने शौचाला होते आणि कळ थांबते. ली शिचेन म्हणतो, अंगात वरपासून खालपर्यंत कुठेही दुखो, यावर हे चालतं. सर्व दुखण्यांवर एकच औषध असा दावा दिसला की मी एरवी पान उलटतो.

पण मग २०१४ येतं. त्या वर्षीच्या जानेवारीत ‘करंट बायॉलॉजी’त एक निबंध आला. एका बाजूला चीनच्या दालियन इथल्या रासायनिक भौतिकी संस्थेतला शिनम्याव ल्यांग यांचा गट, दुसऱ्या बाजूला कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्वाइन शाखेतले ऑलिव्हिए सिव्हेली. चीनमध्ये ‘हर्बलोम’ नावाचा मोठा प्रकल्प चालू होता. पारंपरिक औषधांतल्या प्रत्येक वनस्पतीत नेमकी कोणकोणती रसायनं आहेत त्याची खानेसुमारी करायची, माणसाच्या जनुकांची केली तशी. त्या खानेसुमारीतून या कंदातलं एक संयुग पुढे आलं, डिहायड्रोकोरीबल्बाइन. यापुढे डीएचसीबी म्हणतो, माझीही जीभ वळत नाही.

इथे माझ्या धंद्याबद्दल दोन शब्द. कंदाची पूड घेऊन अर्क काढला की हाती येतो तो चिकट काढा, त्यात शेकडो गोष्टी. अल्कलॉइड म्हणजे अल्कधर्मी मंडळी, आम्ल घातलं की पाण्यात येतात, अल्क घातलं की पाणी सोडून सेंद्रिय द्रावकात जातात. एवढ्यावर बराच कचरा गाळला जातो. डीएचसीबी मात्र त्यातल्या हट्टी जातीचं. नायट्रोजनवर कायमचा धनभार, त्यामुळे अल्क घातलं तरी पाण्याला चिकटून बसतं. दारुहळदीतलं बर्बेरीन याच घराण्यातलं. मी एमएस्सीला दारुहळदीवर काम केलं तेव्हा बोटं महिनाभर पिवळी होती, आईला वाटलं कावीळ झाली. काचपट्टीवर ठिपका देऊन अतिनील दिव्याखाली धरला की तो लिंबासारखा हिरवट पिवळा चमकतो, आणि रात्रीच्या लॅबमध्ये असा ठिपका सगळ्यांपासून सुटा होऊन वर चढलेला दिसला की चहा प्यायला जायला हरकत नसते. तर असं वेगळं करायचं, मग नळीतून उतरलेला एकेक भाग घेऊन विचारायचं: दुखणं कमी करणारा यातला कोण?

डीएचसीबी त्यांनी नंतर प्रयोगशाळेत बनवलंसुद्धा. हे महत्त्वाचं. कंदातून काढलेल्या मालात शेजाऱ्याची भेसळ असू शकते, स्वतः बांधलेल्या रेणूत तो संशय उरत नाही.

आता गंमत. हा कंद अफूच्याच कुळातला, पापाव्हरेसी. कुणालाही वाटेल की आत मॉर्फिनचा कुणी भाऊबंद असणार. पण डीएचसीबीचं काम मुख्यतः डोपामाइन या मेंदूतल्या निरोप्या रसायनाच्या डी-२ ग्राहकावर चालतं. ग्राहक म्हणजे पेशीवरचं कुलूप, ठराविक रेणूचीच किल्ली त्यात बसते. तो ग्राहक ते अडवतं, तेही मध्यम ताकदीने. ज्या उंदरांत डी-२चं जनुकच काढून टाकलं होतं त्यांच्यात कमी मात्रेचा गुण जवळपास नाहीसा झाला. आणि हा डी-२ ग्राहक १९८८ साली पहिल्यांदा क्लोन करणाऱ्या, म्हणजे त्याचं जनुक वेगळं काढणाऱ्या, गटात सिव्हेलीच होते! सव्वीस वर्षांनी एक चिनी कंद फिरून त्यांच्याच कुलपाशी येऊन थांबला.

उंदरांवर तीन तऱ्हेचं दुखणं तपासलं. तापवल्यावरची तीव्र वेदना, सुजेची वेदना आणि मज्जातंतूला इजा झाल्यावरची वेदना. तिन्हींत गुण आला. मॉर्फिन रोज दिलं की काही दिवसांत त्याच मात्रेला उंदीर दाद देईनासा होतो, डीएचसीबीला तशी सवय लागलेली दिसली नाही. मावशीचं दुखणं तिसऱ्या तऱ्हेचं. म्हणूनच त्या ओळीवर माझी नजर अडकली.

आता तिला काय सांगू?

पारावरचा_बाबू

लेख झकास. पण कॉलमवाले, थोडक्यात बोला, घ्यायचं की नाही? आमच्याही गुडघ्यांचा प्रश्न आहे.

कॉलमवाला

बाबूराव, गुडघ्यांनी जरा दम धरावा.

वैद्य_सुपर्णा

धागा आवडला, पण एका जागी अडखळले. उकळणं तुम्ही एका वाक्यात उरकलंत, आणि शीर्षकात व्हिनेगर लिहून पुढे विसरलात. चिनी वैद्य हा कंद बहुतेक वेळा व्हिनेगरमध्ये मुरवून, परतून वापरतात. आमच्याकडे ज्याला संस्कार म्हणतात तेच हे.

बचनागाचं बघा. कच्चा बचनाग हृदय थांबवतो. गोमूत्रात दिवसेंदिवस भिजवून, शोधन करूनच तो औषधात जातो. चीनमध्येही अ‍ॅकोनाइटची, म्हणजे बचनागाच्याच भाऊबंदांची, मुळं भिजवून खूप वेळ उकळतात. दोन्हीकडे घडतं तेच, त्यातलं विष अ‍ॅकोनिटीन पाण्याने तुटून कितीतरी सौम्य होतं. वापरणाऱ्यांना रेणूचं नाव माहीत नव्हतं, पण किती वेळ उकळायचं ते पक्कं माहीत होतं. तुमची मंडळी एक संयुग काढून बाकीचा काढा मोरीत ओततात, तिथे माझं भांडण आहे.

कॉलमवाला

सुपर्णाताई, मुद्दा मान्य, आणि व्हिनेगरचं विसरलो हे खरंच. त्याचं रसायन फार सोपं आहे. अल्कलॉइड नुसते असताना पाण्यात नीट विरघळत नाहीत. अ‍ॅसिटिक आम्लाशी त्यांचा क्षार झाला की विरघळतात, म्हणजे काढ्यात जास्त उतरतात. मी लॅबमध्ये आम्ल घालून जे करतो तेच चिनी वैद्याने कढईत केलं, माझ्याआधी कित्येक शतकं.

आता तुमच्याच बाजूने एक हिशेब मांडतो. या कंदातलं जुनं प्रसिद्ध वेदनाशामक म्हणजे टेट्राहायड्रोपामाटीन, टीएचपी. चिनी औषधसंहितेप्रमाणे वाळलेल्या कंदात ते किमान ०.०५ टक्के हवं. म्हणजे १ ग्रॅमला अर्धा मिलिग्रॅम. काढ्याची नेहमीची मात्रा ३ ते १० ग्रॅम, म्हणजे या किमान प्रतीच्या कंदातून फार तर ५ मिलिग्रॅम. चीनमध्ये याच रेणूचं डावं रूप (डाव्या-उजव्या हातांसारख्या जोडीतलं एक) रोटंडीन नावाने गोळीत मिळतं, एका वेळची मात्रा साधारण ६० मिलिग्रॅमपासून पुढे. तेवढं टीएचपी अशा कंदातून मिळवायचं तर १२० ग्रॅम उकळावा लागेल. तेव्हा काढ्याने खरंच गुण येत असेल तर तो एकट्या टीएचपीचा नाही. डीएचसीबी आहे, आणखीही मंडळी असतील. नाहीतर काढ्याने वाटतो तितका गुण येतच नसेल. दोन्ही शक्यता टेबलावर ठेवून बसलोय.

रात्रपाळी

मी भूलतज्ज्ञ. मॉर्फिन रोज हातात असतं, त्यामुळे ‘सवय लागत नाही’ हे वाचून कान टवकारतातच. तरी तीन गोष्टी.

एक, बातम्यांनी ‘अगदी नवी वाट’ असा गाजावाजा केला होता, ते अर्धवट आहे. टीएचपी डोपामाइनचे ग्राहक अडवतं हे शांघायच्या चिन क्वोचांग यांनी फार आधी दाखवलं होतं. डीएचसीबी त्याच गल्लीतलं वेगळं घर.

दोन, डी-२ अडवणारी औषधं आम्ही नेहमी वापरतो. उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड, मानसिक आजारावरचं हॅलोपेरिडॉल. यांनी झोप येते, आणि जास्त दिवस दिली तर हातापायांत ताठरपणा, तोंडाच्या नको त्या हालचाली. डीएचसीबीने असं होईलच असं म्हणत नाही. पण सात दिवस उंदीर खूश होता एवढ्यावर सत्तरीच्या बाईला सहा महिने द्यायचं का, हा प्रश्न त्या निबंधाने सोडवलेला नाही, आणि लेखकांनीही डीएचसीबीला ‘आशादायक सुरुवात’ म्हटलंय, औषध नाही.

तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. ‘चिन पू ह्वान’ नावाच्या गोळ्या अमेरिकेत झोपेसाठी, दुखण्यासाठी विकल्या जात. नावाचा अर्थ साधारण ‘सोनं दिलं तरी बदलून देणार नाही’. १९९३ मध्ये कोलोरॅडोत तीन लहान मुलांनी घरात सापडल्या म्हणून त्या खाल्ल्या. नाडी मंदावली, श्वास मंदावला, शुद्ध हरपत गेली. मुलं वाचली. पुढे मोठ्या माणसांत यकृताला सूज आल्याच्या नोंदी झाल्या. आणि लेबलवर वनस्पती कोणती होती? पॉलिगाला! आत निघालं टीएचपी, जे पॉलिगालात नसतंच.

मावशींना सध्या प्रेगाबालिन, म्हणजे मज्जातंतूच्या दुखण्यावरची गोळी, चालू असेल असा माझा अंदाज. त्याने पेंग येतेच. वरून टीएचपी म्हणजे पेंगेवर पेंग. रात्री उठून बाथरूमला जाताना पडल्या तर नागीण परवडली म्हणायची वेळ येईल.

कॉलमवाला

प्रेगाबालिनच आहे. आत्ताच फोन करून बाटली कपाटात ठेवायला सांगितली.

पश्चिम_सरोवर

झेजियांगची राजधानी हांगचौमधून लिहितोय, नोकरीनिमित्त सहावं वर्ष. तुमचा कंद इथलाच. झेजियांगची आठ नामांकित औषधं मानतात, त्यांत याचा नंबर लागतो आणि लोकांना त्याचा अभिमान आहे. रत्नागिरीवाल्याला हापूसचा असतो तेवढा.

जुन्या पद्धतीच्या औषधाच्या दुकानात गेलात तर भिंतभर लाकडी खण दिसतील. विकणारा चिठ्ठी वाचतो, खण ओढतो, हातकाट्यावर तोलतो आणि पसरलेल्या कागदावर ढीग करत जातो, मग पुडी बांधतो. यान हू स्वोचा खण उघडला की हलका आंबूस वास येतो, सुपर्णाताई म्हणतात तो व्हिनेगरचाच. नुसता कंद सहसा कुणी देत नाही, पाच-सात औषधांच्या मेळात देतात. मी मागे पाठ धरली म्हणून गेलो होतो. वैद्यबाईंनी जीभ बघितली, दोन्ही मनगटांची नाडी बघितली, आणि आधी विचारलं की दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत. पाठ राहिली. काढ्याने की सुट्टी घेतल्याने, देव जाणे. त्या काढ्याची चव मात्र अजून विसरलो नाही.

उगाच_विचारतो

चीनने एवढी खानेसुमारी केली, आपण काय केलं? आयुर्वेदात सगळं आहे म्हणायचं आणि शोध मात्र दुसऱ्यांनी लावायचा.

कॉलमवाला

असं नाही हो. सर्पगंधा घ्या. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये लिहिलं की ती रक्तदाब उतरवते. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी ती रुग्णांना देऊन नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये त्या ब्रिटिश हृदयरोग नियतकालिकात छापल्या, तेव्हा जगाचे डोळे उघडले. तिच्यातला रेसर्पीन हा रेणू मात्र १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत वेगळा झाला. म्हणजे तुमची तक्रार निम्मी खरी.

याला जोडून एक शब्दाचा घोळ, मला फार आवडतो. सिव्हेलींच्या निबंधात ‘रिव्हर्स फार्माकॉलॉजी’ हा शब्द आहे. त्यांच्या लेखी अर्थ असा: ग्राहक हाताशी आहे, त्यात बसणारी किल्ली कोणती ती शोधा. मुंबईच्या डॉ. अशोक वैद्य यांनी हाच शब्द आयुर्वेदासाठी वापरला, तिथे अर्थ निराळा: औषध आधीच माणसांना दिलं जातंय, तर रुग्णाच्या खाटेपासून सुरुवात करून उलट प्रयोगशाळेकडे या. शब्द एक, वाटा दोन. एकाला कुलूप माहीत आहे, दुसऱ्याला दार उघडतं एवढं माहीत आहे. या कंदाच्या बाबतीत दोन्ही टोकं हाताशी होती, म्हणून गोष्ट पुढे सरकली असं माझं मत.

वैद्य_सुपर्णा

खाटेपासून सुरुवात, हे बरोबर. फक्त खाटेवरच्या नोंदी नीट ठेवल्या पाहिजेत. आमच्यात तिथेच घोडं पेंड खातं, हे मी कबूल करते.

तिरफळ_बांगडा

अवांतर. चिनी औषधाबद्दल वाचताना मला आमचं तिरफळ आठवलं. बांगड्याच्या आमटीत आई चार फळं ठेचून टाकायची, आतलं काळं बी काढून. चुकून एखादं दाताखाली आलं की जिभेला मुंग्या येऊन अर्धं तोंड बधिर. चिनी जेवणातल्या त्या तोंड बधिर करणाऱ्या मिरीचं आणि याचं काही नातं आहे का?

कॉलमवाला

सख्खं चुलत नातं. सिचुआनची मिरी आणि तिरफळ दोन्ही झँथॉक्झायलम या एकाच प्रजातीतली. मिरीत सँशूल नावाची संयुगं असतात. ती तिखट नसतात, स्पर्श ओळखणारे मज्जातंतू उगाचच जागे करतात. लंडनला २०१३ मध्ये एक सुंदर प्रयोग झाला. लोकांच्या ओठांना ही मिरी लावली आणि विचारलं की बोटाला देतोय त्यातलं कुठल्या वेगाचं कंपन ओठांवर जाणवतंय. उत्तर आलं सेकंदाला सुमारे ५० वेळा. म्हणजे ओठ थरथरत नसतात, मेंदूला तशी तार जाते. अमेरिकेत याच प्रजातीच्या एका झाडाला दातदुखीचं झाड म्हणतात, साल चावून दाढ बधिर करायचे.

रात्रपाळी

तिरफळावरून परत मूळ मुद्द्यावर. नात्याची गोष्ट निघालीच आहे तर नावाचीही काढू. १९९०च्या सुमारास बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या एका दवाखान्यात चिनी वनस्पतींच्या गोळ्या देत. सांगितलं होतं स्टेफानिया, चिनी नाव ‘फांगची’. पण ‘फांगची’ आणखी एका वनस्पतीलाही म्हणतात, अ‍ॅरिस्टोलोकिया. आली ती दुसरी. बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली, पुढे काहींना मूत्रमार्गाचा कॅन्सर झाला. गोळ्या देणाऱ्याने फसवलं असंही नाही, खणावरचं नाव तेवढं जुळलं होतं.

म्हणून कॉलमवाले, बाटलीवर नक्की काय लिहिलंय?

कॉलमवाला

रविवारी साताऱ्याला जाऊन आलो, बाटली घेऊन आलोय. लेबल भिंगाने वाचलं. पुढे मोठ्या अक्षरांत कोरिडॅलिस. मागे बारीक अक्षरांत ‘खास मिश्रण’ असं लिहून चार वनस्पतींची नावं आणि चारी मिळून एक आकडा. कुणाची किती ते नाही. कंद व्हिनेगरचा की साधा, तेही नाही. टीएचपीबद्दल चकार शब्द नाही.

पारावरचा_बाबू

म्हणजे आमच्या कोपऱ्यावरच्या हलवायाचा मिक्स फरसाण. शेव किती, दाणे किती, विचारायचं नाही.

कॉलमवाला

अगदी तसंच. काल रात्री राहवेना, लॅबमध्ये बाटलीतली एक कॅप्सूल फोडली आणि काचपट्टी चढवली. शेजारी ओळखीचं म्हणून बर्बेरीनचा ठिपका दिला. अतिनील दिवा लावला तर कॅप्सूलच्या रांगेत पाच ठिपके, त्यांतले दोन पिवळे चमकणारे, एक बर्बेरीनच्या अगदी शेजारी. डीएचसीबी त्यांतलं एखादं असेलही, पण शेजारी धरायला शुद्ध नमुना नाही, त्यामुळे छातीठोकपणे काही सांगता येत नाही. किती आहे हे तर काचपट्टीवरून कळतच नाही.

मावशीला फोनवर सांगितलं की यात पिवळं काहीतरी आहे, पण ते नेमकं काय आणि किती ते मला कळलेलं नाही, म्हणून घेऊ नकोस. रात्रपाळी म्हणाले ते पेंगेचं तिच्या डॉक्टरांच्या कानावर घातलं, त्यांनी प्रेगाबालिनची सकाळची मात्रा कमी करून रात्रीची तशीच ठेवलीय आणि लिडोकेनची, म्हणजे जागा बधिर करणारी, पट्टी लावून बघू म्हणालेत. मावशी नाराज आहे. "एवढी लांबून पाठवलेली बाटली फोडून दिव्याखाली बघितलीस, आणि म्हणे माहीत नाही!"

वैद्य_सुपर्णा

लिडोकेनच्या पट्टीने कसं वाटलं ते कळवा. आणि ती काचपट्टी फेकू नका, फोटो टाका.